खांद्याची शिवण

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकीव नाही, कारण शेवटी कात्री माझ्याच हातात होती. ज्यांना हे मनाचे खेळ वाटतात त्यांनी खुशाल तसं समजावं. वाद घालायची माझी ताकद संपली आहे.

गोष्ट माझ्या मावशीची. दिवस मंगळवार, वेळ दुपारी तीनची. जागा तिच्या घरातली मागची खोली, जिच्या खिडकीतून फक्त शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. भर दुपारी घडलं सगळं. अंधारबिंधार काही नव्हता.

त्या खोलीत तिच्या सासूबाईंची पायमशीन आहे. अकरा वर्षं तिच्यावर झाकण होतं आणि झाकणावर इस्त्रीचे कपडे.

एकेकाळी मावशी स्वतःचे सगळे कपडे स्वतः शिवायची. मग सासूबाई गेल्या आणि तिने मशीनला हात लावणं सोडलं. लोक म्हणायचे, सासूवर किती जीव होता बघा. मावशी विषय बदलायची.

पुन्हा शिवायला बसली ती रागाच्या भरात. मुलीचं नोंदणी लग्न शनिवारवर आलं होतं, म्हणून ती ड्रेस घ्यायला गेली. सहावा ड्रेस दंडात अडकला तेव्हा दुकानातली मुलगी पडद्याबाहेरून म्हणाली, "काकू, तुमच्या मापाचं आमच्याकडे येत नाही."

"माझं माप जसं आहे तसं आहे. तुमचे कपडे चुकलेत," मावशीने सुनावलं आणि तडक कापडाच्या दुकानात शिरली. निळं कापड, निळा दोरा, बाजूला लावायला एक चेन. घरी येऊन झाकण काढलं, तेल घातलं, पट्टा चढवला.

हात विसरले नव्हते. मंगळवारी दुपारपर्यंत कापड कापून, दोन्ही खांदे जोडून झाले. तीनला ती पाणी प्यायला उठली.

परत आली तर...

दोन्ही खांदे उसवलेले.

कापड कुठे फाटलेलं नाही, कुठे ओढलं गेलेलं नाही. आणि मशीनच्या लाकडी पाटीवर उसवलेल्या दोऱ्याची छोटीशी गोळी.

ती गोळी तिच्या ओळखीची होती.

सासूबाईंची सवय होती ती. सुनेनं शिवलेलं काहीही हातात घ्यायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. "उसव." मावशीने टाळाटाळ केली तर स्वतः उसवायच्या आणि दोऱ्याची गोळी करून पाटीवर ठेवायच्या. स्वतः शिवताना दोऱ्याला गाठ म्हणून मारायच्या नाहीत. गाठ मारणं हे आळशी बाईचं काम, असं त्यांचं म्हणणं. पंधरा वर्षं मावशीने हे ऐकलं. मी असते तर पंधरा दिवसांत मशीन खिडकीतून फेकली असती.

संध्याकाळी काका कामावरून आल्या आल्या मावशीने त्यांना धारेवर धरलं.

"दुपारी घरी आला होतात?"

"मी कशाला येतोय? आणि मला सुईत दोरा ओवता येत नाही, हे तुला माहीत आहे."

ते खरंच होतं.

बुधवारी तिने खांदे पुन्हा शिवले. दुहेरी टीप मारली. पावणेतीनला खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून दाराबाहेर उभी राहिली.

तीन वाजले.

आतून आवाज आला.

टक...

टक...

एकेक टाका तुटत होता.

तिने दार उघडलं. खोलीत कुणी नाही. खिडकी बंद. ड्रेस होता तिथेच होता आणि या वेळी खांदे जोडलेले होते. पण निळ्या दोऱ्याने नाही. लांब लांब टाक्यांचा पांढरा धावदोरा घातला होता. टीप मारण्याआधी कापड जागेवर राहावं म्हणून घालतात आणि मग ओढून काढतात, तो कच्चा दोरा.

त्या घरात पांढरा दोरा नव्हता. शेवटचं रीळ मावशीने अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं होतं.

का टाकलं, ते तिने मला नंतर सांगितलं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना समोरून उघडणारा सैल गाऊन हवा होता. मावशीने शिवायला घेतला आणि मध्येच तिचं डोकं फिरलं. नाहीतरी उसवणारच आहेत, मग पक्की टीप कशाला? खांदे नुसत्या पांढऱ्या धावदोऱ्यावर ठेवून तिने तो गाऊन त्यांच्या अंगात चढवला. सासूबाईंची नजर तोवर गेली होती. त्यांनी खांद्यावरून बोट फिरवलं... आणि काहीच बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी त्या गेल्या, त्याच गाऊनमध्ये. चार जणांनी उचललं आणि भरल्या घरात दोन्ही खांदे उसवत गेले. जन्मभर मनगटापर्यंत बाही घालणारी बाई पाहुण्यांसमोर उघडी पडली. कुणीतरी घाईघाईने चादर टाकली.

आता शनिवारी पाहुण्यांसमोर मावशी उभी राहणार होती.

गुरुवारी तिने पांढरा दोरा ओढून काढला आणि तिसऱ्यांदा खांदे शिवले. तीनला ती जागची उठली नाही. ड्रेस मांडीवर घेतला, दोन्ही खांद्यांवर तळहात दाबून धरले.

टक...

तळहाताखाली टाका तुटला.

घाबरली नाहीस का, असं मी तिला नंतर विचारलं. "संताप आला," ती म्हणाली.

"उसवा," ती त्या रिकाम्या खोलीला म्हणाली. "पंधरा वर्षं उसवलंत, अजून पोट भरलं नाही? हो, तुमचे खांदे मीच कच्चे ठेवले. मुद्दाम ठेवले. तुम्ही त्यातच जाल हे मला ठाऊक नव्हतं. पण माफी मागणार नाही. तुम्ही मागितलीत कधी? शनिवारी मी हाच ड्रेस घालणार, आई. भर लग्नात उघडी पडले तर पडले."

आवाज थांबला.

मावशी दातओठ खात पायडल मारत राहिली. शुक्रवारी रात्री जेवायच्या आत ड्रेस पूर्ण झाला.

शनिवारी सह्या झाल्या, फोटो झाले. मावशीने एकदाही हात वर केला नाही. लेकीने मिठी मारली तेव्हा तिने डोळे गच्च मिटून घेतले. शिवण जागची हलली नाही.

आम्ही दोघी पावणेतीनला घरी आलो. मावशी किती दिवसांनी हसत होती. मागच्या खोलीत जाऊन म्हणाली, "चेन ओढ गं जरा."

मी ओढली. चेन सरसर खाली आली.

पण ड्रेस उघडला नाही.

चेनच्या आतून, काखेपासून कमरेपर्यंत, कापडाला कापड शिवलेलं होतं. तांदळाच्या दाण्याहून बारीक टाके... पांढरा दोरा. सकाळी चेन मीच लावली होती, तेव्हा यातलं काही नव्हतं. उसवायला मी दोऱ्याचं टोक शोधू लागले. टोक सापडेना. गाठ कुठेच नव्हती.

मावशीला श्वास घेता येईना. ड्रेस आवळत चालला होता.

"काप," ती म्हणाली.

"कुठून कापू? कात्रीचं टोक आत जात नाहीये."

"खांद्यावरून काप. लवकर."

मी कापला. आधी डावा खांदा, मग उजवा. ड्रेस खाली पडला. घड्याळात तीन वाजले होते. मावशी उघड्या खांद्यांनी मशीनसमोर उभी होती.

"झालं समाधान?" ती मशीनला म्हणाली आणि मटकन खाली बसून रडायला लागली. हाताला लागली ती चादर मी तिच्या अंगावर टाकली. मग मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं.

मावशी आता पुन्हा स्वतःचे कपडे शिवते. कुणी उसवत नाही. गेल्या रविवारी मी तिला म्हटलं, मलाही एक ड्रेस शिवून दे. ती उठली. मला मागच्या खोलीत घेऊन गेली.

मशीनच्या पाटीवर खडूने एक आकडा लिहिला होता... साडेचौदा.

"रोज पुसते. दुपारी परत येतो," ती म्हणाली. "माझा खांदा सोळा इंच आहे."

तिने टेप माझ्या पाठीवर धरली, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत.

साडेचौदा.

मावशीच्या सासूशी मी आयुष्यात चार वाक्यं बोललेली नाही. कात्री चालवली ती मावशीने सांगितलं म्हणून, तिचा जीव जात होता म्हणून. माझा काय गुन्हा? हे मी त्या खोलीत मोठ्याने विचारलं.

आता नवा कपडा अंगात घातला की मी आधी खांद्यावरून बोट फिरवून बघते.