ज्याची सीट त्याची फेरी

नमिता, त्या सीटवर बसू नकोस गो. इकडे चटईवर बस. आणि मिथुन, ही सीट कुठल्या गाडीची, कोणाची, ते विचारलंस का भंगारवाल्याला? नाय विचारलंस. स्वस्तात मिळाली, आणलीस उचलून. उद्या गाडीत बसवायची म्हणतोस, तर बसव बाबा, माझं काय जातंय. चाळीस वर्षं पेणमध्ये गॅरेज चालवलं, मी काही भोळाभाबडा माणूस नाही. पण आधी विष्णु सरांचं ऐक, मग पाना हातात घे.

विष्णु सर म्हणजे आपल्या पेणच्या शाळेतले भूगोलाचे. त्यांची ती गर्द निळी ओपल अ‍ॅस्ट्रा आठवते ना? दोन हजार सालची गाडी, सरांनी दोन हजार चार साली मुंबईच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली. अख्ख्या पेणने नावं ठेवली. मास्तराला जर्मन गाडी कशाला, हत्ती पोसायचाय का, असं लोक तोंडावर म्हणत. मीही म्हणालो होतो. मालतीबाई, म्हणजे सरांच्या मंडळी, त्याही आधी नाहीच म्हणत होत्या. त्या शिवणाचा क्लास घ्यायच्या. मग सरांनी कुठूनतरी वाचून त्यांना सांगितलं, की हा ओपल नावाचा माणूस आधी शिवणयंत्रं बनवायचा. चुलत्याच्या रिकाम्या गोठ्यात सुरुवात केली, मग सायकली काढल्या, आणि मोटारी निघायच्या आधीच वारला. मोटारी काढल्या त्या त्याच्या बायकोने आणि पाच मुलांनी. मालतीबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "शिवणयंत्रवाल्याची आहे ना? मग घ्या. टाका सुटायचा नाही."

टाका खरंच सुटला नाही. पण दोनच वर्षांत कंपनीने आपल्याकडे त्या गाड्या विकणं बंद केलं. हळूहळू पार्ट मिळेनासे झाले. एक साधं रबर हवं असलं तरी सर कुर्ल्यापर्यंत पायपीट करायचे. शेवटी ह्या गाडीवाल्यांनी फोनवर आपला एक ग्रुप काढला. जेमतेम वीस-बावीस माणसं, पण एकमेकांना भावकीसारखी धरून. एखाद्याची गाडी कायमची बसली की बाकीचे येऊन लागेल ते काढून न्यायचे. पैसे कोणी घ्यायचं नाही. रीत एकच: ज्याचा पार्ट, त्याला एक फेरी. पार्ट बसवला की जुन्या मालकाला त्या गाडीतून एक चक्कर मारून आणायची. आपलं लोखंड अजून चालतंय, हे त्याने एकदा बघायचं. मी हसायचो ह्या रीतीला. आता हसत नाही.

मालतीबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी अंतरा बंगळूरला, तिचा फोन रविवारचा. सर एकटे पडले. घरात एक शब्द बोलायचे नाहीत, पण गाडीत बसले की डावीकडच्या सीटशी बोलायचे. भाजीचा भाव, शेजाऱ्याचं लग्न, गुडघ्याचं दुखणं, सगळं. मी एकदा खिडकीतून पाहिलं आणि मुकाट्याने मागे फिरलो. माणसाचं खाजगी असतं ते. त्या सीटच्या पाठीचा खटका झिजला होता, टेकलं की पाठ मागे पडायची. मी म्हणायचो बदला, ते म्हणायचे राहू दे.

मग आलं पासिंग. गाडीला पंचवीस वर्षं भरली होती. मीच सरांना बजावलं, की अशी डुगडुगती सीट घेऊन तपासणीला उभे राहू नका. पास झाली नाही तर गाडीच जायची. सरांना दोन रात्री झोप लागली नाही. तेवढ्यात ग्रुपवर निरोप आला. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या पुष्करची पांढरी अ‍ॅस्ट्रा भंगारात निघालीय, कोणाला काही हवं असेल तर न्या.

दोन हजार पंचवीस, जानेवारीची सतरा तारीख, शुक्रवार. पौषातली संकष्टी. चंद्रोदय रात्री साडेनऊचा. मालतीबाईंची संकष्टी त्यांच्यामागे सर धरायचे. चंद्र दिसला की अर्घ्य, नैवेद्य, मग जेवण, अगदी त्या करायच्या तसं. दुपारी चारला पाने, हातोडी, रॉकेलची बाटली घेऊन सर पेणहून निघाले.

पुष्करला जाऊन दोन वर्षं झाली होती. रोह्याच्या कंपनीत केमिस्ट होता, पन्नाशीही गाठली नव्हती. त्याची बायको आसावरी घरी एकटीच. आंब्याखाली गाडी उभी होती, चाकं मातीत रुतलेली. पण आतली डावीकडची सीट बघाल तर अजून नव्यासारखी. आसावरी म्हणाली, "छातीचं दुखणं होतं त्यांचं, सर. आडवं झालं की दम लागायचा. ह्या सीटवर बसले की जरा बरं वाटायचं. मग मीच शिकले गाडी. रोज संध्याकाळी भिसे खिंडीपर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. शेवटपर्यंत."

बोल्ट गंजले होते. सीट निघायला, सरांच्या गाडीत बसायला आठ वाजले. मालतीबाईंची जुनी सीट सरांनी आंब्याखाली उतरवून ठेवली. क्षणभर हात ठेवून उभे राहिले. मग स्वतःलाच म्हणाले, लोखंड आणि फोम, दुसरं काय आहे. भंगारवाला नऊला टेम्पो घेऊन यायचा होता, हीही घेऊन जाईल.

निघताना आसावरी चप्पल घालूनच फाटकाशी आली. "सर, ग्रुपची ती रीत हाय ना... एक फेरी. मी येऊ का खिंडीपर्यंत? लांब नाय."

सरांनी घड्याळ बघितलं. साडेनऊला चंद्र. "वहिनी, आज संकष्टी आहे हो. घरी पोचायला हवं. पुढच्या रविवारी मुद्दाम येतो, मग जाऊ."

"व्हय, चालेल," ती म्हणाली. आरशात सरांना ती बराच वेळ फाटकाशी उभी दिसली.

अष्टमी मागे पडली. रस्त्याला गाड्या तुरळक. थंडी होती म्हणून सरांनी काचा चढवल्या. सवयीने डावीकडे बघून बोलायला तोंड उघडलं आणि गप्प झाले. नवी सीट. ताठ पाठ. काय बोलायचं तिच्याशी? तीन वर्षांत पहिल्यांदा गाडीत त्यांना एकटं वाटलं. घरात वाटायचं तसं.

दोनेक मैल गेले असतील. सीट करकरली.

रस्ता सपाट होता. खड्डा नव्हता. सीट पुन्हा करकरली, माणूस जरा सावरून बसतो तशी. सरांनी गाडी हळू केली, पण खरं सांगतो, भीतीने नाही. आशेने.

"मालती?" ते हळूच म्हणाले. "तू आहेस का गं?"

सरांनी इंजिनाच्या आवाजातून कान लावला.

"मालती, मी सीट बदलली म्हणून रागावलीस का..."

आणि डावीकडून कोणीतरी खोकलं.

पुरुष.

सरांनी मान वळवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर. समोर फक्त दिव्याचा उजेड. बाजूला श्वास. घरघरणारा. आत जायला वेळ लावणारा. बाहेर यायला त्याहून जास्त. डावीकडची काच आतून धुरकट व्हायला लागली. उजवीकडची स्वच्छ होती.

खिंड आली. चढ सुरू झाला. वर एक बंद चहाची टपरी आहे, तिच्यापुढे गाडी वळवण्यापुरती जागा. टपरी दिव्यात दिसली मात्र...

टक टक.

डॅशबोर्डवर. बोटाच्या पेराने. दोनदा.

सर थांबले नाहीत. कसे थांबणार? पाय ॲक्सिलरेटरवर दाबला. टपरी मागे गेली. उतार लागला. टक टक. श्वास तुटायला लागला. एक... मग बराच वेळ काही नाही... मग एक. टक टक टक. लांब खाली नागोठण्याचे दिवे दिसले. जितकी गाडी पुढे, तितका श्वास कमी. एक माणूस बाजूला गुदमरतोय आणि आपण त्याला त्याच्या घरापासून लांब नेतोय. सरांना आसावरीचे शब्द आठवले. खिंडीपर्यंत न्यायचे आणि परत आणायचे.

त्यांनी ब्रेक मारला.

"पुष्कर," ते म्हणाले. "चुकलो. चला... घरी सोडतो."

गाडी वळली. टपरीवरून परत जाताना बाजूचा श्वास सैल झाला. घरघर कमी झाली. काच हळूहळू निवळली. सर मला म्हणाले, काळुराम, तेव्हा भीती गेली रे. एक आजारी माणूस शेजारी बसलाय, एवढंच. मी त्याला थंडी वाजतेय का विचारणार होतो.

आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या मनात दुसरा विचार आला. अंगावर काटा आला तो त्या विचाराने.

ह्या सीटवर जर पुष्कर असेल... तर मग आंब्याखाली मी कोणाला उतरवून आलो?

तीन वर्षं बोलत होतो. कोणाशी?

सरांनी गाडी पळवली. तेवढ्या वेगाने ती गाडी दहा वर्षांत पळाली नव्हती. अष्टमीच्या अलीकडे समोरून एक टेम्पो आला. वर पांढऱ्या गाडीचा सांगाडा बांधलेला. नऊ वाजायचे होते अजून. लवकर आला होता. सरांनी हॉर्न दिला, दिवे मारले, ओरडले. टेम्पो निघून गेला. मागे काय काय टाकलंय ते अंधारात दिसलं नाही.

मागे वळायचं की पुष्करच्या घरी जायचं? सर म्हणाले, बाजूला माणूस होता. त्याला आधी पोचवणं भाग होतं. म्हणून टेम्पोच्या मागे गेलो नाही. मालतीने माफ केलं असतं, तिचा स्वभावच तसा.

फाटकाशी गाडी थांबली. आसावरी पायरीवरच बसलेली. सर उतरायच्या आधी डावीकडचं दार उघडलं. आतून. कोणी उतरलं असेल तर त्याचा आवाज झाला नाही. सीट एकदा करकरली आणि हलकी झाली. आसावरी उठून उभी राहिली. तिने सरांकडे पाहिलंच नाही. दाराकडे बघत राहिली, आणि मग अगदी रोजच्यासारखं म्हणाली, "आलात? आज लवकर आलात."

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. पुष्करची सीट आता आसावरीच्या ओटीवर आहे, लाकडी चौकटीवर बसवून, मीच बसवून दिली. सर महिन्यातून एकदा जातात, दोघं खिंडीपर्यंत चक्कर मारतात. मालतीबाईंच्या सीटचा खटका मी घरी बसून कानस मारून दुरुस्त केला. पासिंग झालं. म्हणजे सीट मिळाली, हे तुम्हांला कळलंच. पण ती मिळाली कशी, ते ऐका. हे सरांनी सांगितलं आणि वेगळं बसवून आसावरीनेही सांगितलं. दोघांच्या बोलण्यात तिळाएवढा फरक नाही.

सरांनी विचारलं, "वहिनी, आमची सीट? नेली का त्यांनी?"

"नाय नेली," ती म्हणाली. "टेम्पो भरला. उद्या नेतो म्हणाले."

ती टॉर्च घेऊन पुढे झाली. सर मागे. त्या रात्री दव असं पडलं होतं, की पाऊस पडून गेल्यासारखं. गवत ओलं. आंब्याची पानं टपटपत होती. टेम्पोवाल्याने सोडलेला पत्र्याचा तुकडा, त्यावर पाण्याचे थेंब. सीटच्या कडा भिजून काळ्या झालेल्या. उशीचं टोक पिळलं तर पाणी निघालं असतं.

आसावरीने टॉर्च सीटच्या मधोमध धरला.

सर जवळ गेले. वाकले. हात ठेवला.

बसायची जागा कोरडी होती. आणि पाठ, खांद्यापर्यंत. बाई माणूस टेकून बसेल तेवढीच.

वरची फांदी अजून टपटपत होती. सरळ तिथेच.

आसावरीने टॉर्च गवतावर फिरवला. चारी बाजूंना. टेम्पोवाल्यांचे पाय गाडीच्या जागेपाशीच थांबले होते; सीटभोवती त्या दोघांच्या पावलांखेरीज दव मोडलेलं नव्हतं. येतानाचं पाऊल नाही, जातानाचं नाही. सरांनी हात उचलला नाही. तिथलं कापड उबदार होतं.