सहाव्या रात्रीची वाटी

जेवणं झाली, ओटीवर सगळी पसरली आणि नव्या सुनेच्या, अनुपमाच्या मोबाईलमधून टंऽऽ असा लांबलचक नाद निघाला. लग्न झाल्यापासून तिला धड झोप नव्हती. हा आवाज ऐकला की लागते, असं कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारे पुष्कळ असतात.

"बंद कर ते, पोरी," घरातले थोरले सखातात्या म्हणाले. आवाज चढवला नाही, पण पानाचा डबा मिटला.

"तात्या, मेडिटेशनचं आहे ते," तिचा धाकटा दीर ओंकार म्हणाला.

"ठाऊक हाय. कोंडाजीच्या विनीतचा धंदाच होता तो. जे झालं ते त्यानंच सांगितलंय मला."

आणि तात्यांनी सांगायला घेतलं.

उमरठच्या वर, डोंगरावर कोंडाजीची वाडी. सात घरं, माणसांपेक्षा गुरं जास्त. विनीत त्याचाच पोरगा, पण महाडला खोली घेऊन काशाच्या वाट्या वाजवून लोकांना बरं करायचा. बाजारातले दुकानदार, कोर्टातले कारकून येऊन चटईवर आडवे व्हायचे. छातीवर वाटी ठेवायची, दांडीनं हलका टोला द्यायचा आणि सांगायचं, "आवाजाच्या मागं मागं जा. तो विरेल तिथं थांबा." निम्मे तिथंच घोरायला लागायचे. विनीत त्यालाही उपचारच म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. रात्र रात्र डोळा न लागणारी माणसं त्याच्याकडे येऊन झोपून जायची.

गेल्या वैशाखात कोंडाजी गेला.

वाडीत मयत झालं की गुरांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये गवत कोंबतात, दहाव्यापर्यंत. चुकलेलं जनावर घंटेच्या आवाजावर घर गाठतं. गेलेला माणूसही गाठेल, म्हणून. आजवर हे काम कोंडाजीचंच. माणूस डावखुरा, गवताला पीळ द्यायचा तो उलटा. लोक चिडवायचे, "कोंडाजीचा पीळ कोंडाजीसारखाच, सरळ जायचा नाय." पण त्यानं कोंबलेला बोळा कधी निसटला नाही. या वेळी विनीतनं कोंबलं. पीळ सुलटा, आणि सैल.

नवरा गेल्यापासून साळूबाई झोपलीच नाही. पाच रात्री उंबऱ्याकडे तोंड करून बसून. पोटात पाण्याशिवाय काही नाही. पोलादपूरच्या डॉक्टरनं गोळी दिली, तरी ही जागीच राहिली.

सहाव्या दिवशी, शुक्रवारी, विनीत दहाव्याचं सामान आणायला महाडला उतरला. तीळ, दर्भ, धोतर. यष्टीला वेळ होता म्हणून खोलीवर गेला आणि सगळ्यात मोठी वाटी पिशवीत टाकली.

वाडीवर पोचायला साडेआठ वाजले. शेजारच्या रंगूकाकूनं पिशवीत डोकावलं.

"ही कशाला रे?"

"आईला झोप लागेल, काकू."

"कासं हाय ना? सुतकात नको. चार दिवस थांब."

"ही घंटा थोडीच आहे? हिच्यात लोलकसुद्धा नाही."

"आवाज हाय ना?"

"काकू, चार दिवस आई टिकेल का?"

काकू घरी गेली. तिनं दाराला कडी घातल्याचं विनीतला ऐकू आलं.

पावणेदहाला त्यानं आईला आडवं केलं. छातीवर वाटी ठेवली. बरगड्या इतक्या वर आल्या होत्या की वाटी डुगडुगली.

"आये, आवाजाच्या मागं मागं जा."

"किती लांब जाऊ रे?"

"विरेल तिथपर्यंत."

टोला दिला. नाद खोलीत भरला, भिंतीला लागला, हाडांत उतरला. साळूबाईचे डोळे मिटले. दुसरा टोला. श्वास लांबला. सहा दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी सुटली. विनीतला रडूच आलं. तिसरा टोला देऊन तो सवयीनं मनात आकडे मोजू लागला. ही वाटी चाळीसाला विरते.

चाळीस झाले. नाद तसाच.

साठ.

त्यानं वाटीच्या काठावर बोट ठेवलं. गार. स्थिर. आवाज वाटीत नव्हताच.

बाहेर होता. वरच्या टेपाडावर.

टंऽऽ...

घंटा.

त्यानं गोठ्यात बॅटरी मारली. अकरा गुरं. परत मोजली. अकरा. सगळ्यांच्या घंटांत गवत. एकही शेपूट हलत नव्हतं. सगळी वाटेकडे बघत होती.

टंऽऽ...

पाणवठ्यापाशी.

टंऽऽ...

करवंदीच्या जाळीपाशी.

मग अंगणात.

मग... आवाजच नाही.

विनीत उंबऱ्यात उभा. आतून आईचा आवाज आला. झोपेतला. नव्या नवरीसारखा लाजरा.

"आलाव?... पाय धुवायला पानी हाय तिथं..."



त्याच्या अंगाला घासून गुरांचा वास आत गेला.

बॅटरी विझली.

"आये?"

...

"आये, विरलं गो आता. थांब. थांब तिथंच..."

...

सखातात्यांनी पानाचा डबा पुन्हा उघडला.

"मग?" ओंकार पुटपुटला.

"मग काय. पहाटे काकूनं बघितलं तर विनीत उंबऱ्यातच बसलेला. साळूबाई झोपली होती, ती पुन्हा उठलीच नाही. तोंडावर इतकी शांती, की बाया रडायच्या थांबल्या." तात्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "विनीतनं महाडची खोली सोडली. भेटला की एकच विचारतो, 'तात्या, मी आईला झोपवली की वाटेला लावली?' मी काय सांगू त्याला?"

"आणि वाटी?" अनुपमानं विचारलं. मोबाईल तिनं केव्हाच बंद करून ओढणीखाली दाबून धरला होता.

"छातीवरच होती. मयताला गेलो होतो, मीच उचलली. आत गवत. काठापर्यंत गच्च ठासलेलं. विनीत म्हणाला, 'मी हात लावला नाय.' रंगूकाकूनं देवाची शपथ घेतली. मी तो बोळा काढून सोडवायला गेलो..."

तात्यांनी डावा हात पुढं केला. हवेत हळूच फिरवला.

"...पीळ उलटा होता."