कासवाचे तीन दगड

“दगड फुटलेच नाहीत! मुकादम थापा मारतोय!” भोंगा धापा टाकत ओट्यावर आला. त्याचा आवाज नदीपलीकडे ऐकू जाई, म्हणून हे नाव.

“हळू! आत आजोबा आहेत,” ताईने त्याचं तोंडच दाबलं.

सुट्टीत आलेल्या या तिघा भावंडांचे आजोबा नदीकाठच्या पुरातन देवळाचे पुजारी. डोळे अधू झाल्यापासून भिंतीतल्या नऊ कोरीव दगडांवर बोटं फिरवत ते लोकांना नदीच्या रुसव्याची गोष्ट सांगत. दुरुस्तीसाठी भिंत उतरवली होती आणि सकाळी मुकादम म्हणाला होता, “दगड फुटले, बाबा. आता सिमेंटची सपाट भिंत.” तेव्हापासून आजोबांनी अन्नाला हात लावला नव्हता.

मुकादम जेवून आडवा झाला होता. तिघं ताडपत्रीखाली शिरली. नऊच्या नऊ दगड धडधाकट! वर लख्ख धुतलेले.

“धुतले?” ताई चमकली. “अरे, उतरवताना यांच्यावर खडूने आकडे घातले होते ना! पाणी मारलं, आकडे गेले. आता क्रम कळेना, म्हणून म्हणे फुटले!”

“मग आपण लावू. गोष्ट पाठ आहे की!” धाकटी बारकी म्हणाली.

दगड हलवणं कुणाच्या बापाला जमणार! ताईने वहीची नऊ पानं फाडली, एकेका दगडाचं चित्र काढलं आणि पानं पायरीवर मांडली. चार वाजता इंजिनियरबाई काम बघायला येणार, मग लगेच सिमेंट कालवणार. घाई करायलाच हवी होती.

गोष्ट अशी: देवाच्या लग्नाचं बोलावणं नदीला द्यायचं राहिलं. ती रुसली, आटली. मासे तडफडले. कासव देवाच्या क्षमेचा निरोप घेऊन निघालं. मग देव स्वतः पायऱ्या उतरला आणि नदी भरून वाहिली. दगडांच्या कडेला कोरलेली पाण्याची रेघही तशीच उतरत, चढत गेलेली. सगळं जुळलं!

“छे! कासवाचे दगड तीन आहेत,” बारकी म्हणाली. “आणि हे एक तर उलटं, देवळाकडे चाललंय!”

तिघं आजोबांकडे धावली आणि दगड शाबूत असल्याचं सांगून कासवाचं कोडं त्यांच्यापुढे टाकलं. आजोबांनी हवेतच बोटं फिरवली आणि ते एकदम हसले.

“अगं, ते वाटेत निरोपच विसरतं! विचारायला परत फिरतं. दुसऱ्या खेपेला देव निरोप पानावर लिहून पाठीवर बांधतो.” मग त्यांचा आवाज बारीक झाला. “हल्ली मी ते तीन दगड एका वाक्यात उरकायचो. मीच विसरत चाललोय, बाळांनो.”

ताईला रडूच आलं. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

तिघांनी कासवाची पानं क्रमाने लावली, तोच चार वाजले.

“बाई, दगडांचा पार चुरा...” मुकादमाने सुरुवात केली.

“चला, चुरा बघायला!” भोंगा गरजला आणि त्याने ताडपत्री ओढली. मुकादमाचा चेहरा पडला.

इंजिनियरबाईंनी ताईने पुढे केलेली पानं घेतली, दगडांशी ताडून पाहिली. “रेघेला रेघ जुळतेय! मुकादम, सिमेंट कालवणं थांबवा.”

“फोटोसाठी जरा चकाचक करायला गेलो, बाई...” मुकादम कानकोंडा होऊन म्हणाला.

“चार दिवसांत भिंत उभी करा. आणि आकडे या मुलांना विचारा,” बाईंनी तिघांची पाठ थोपटली.

पाचव्या दिवशी आजोबांनी भिंतीवरून बोटं फिरवत सगळी गोष्ट सांगितली, विसरभोळ्या कासवासकट. लोक खो खो हसले. मग त्यांनी नातवंडांना पुढे ओढलं.

“शाबास रे माझ्या वाघांनो! उद्यापासून तुम्ही सांगा. मी ऐकत बसतो,” ते डोळे पुसत म्हणाले. “आणि विसरलात, तर मनसोक्त चिडवतो!”