गोड्या पाण्याची धार

छत्तीस साली मांडवीला माझं इंजिनदुरुस्तीचं दुकान होतं. मुंबईच्या गोदीत अकरा वर्षं फिटर म्हणून काढल्यावर छातीच्या दुखण्यामुळे मी गावी परतलो होतो. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची इंजिनं रत्नागिरीत तेव्हा तीनच होती आणि तिन्ही माझ्याच हाताखालून गेलेली. हे एवढ्यासाठी सांगतो, की त्या दिवशी माझ्या कामात चूक कुठे झाली ते मी नंतर पुष्कळ शोधलं. सापडली नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी भाट्याचा दादू दुकानात आला. राजिवड्याहून खाडीपलीकडे भाट्याला माणसं उतरवायची, हा त्याचा धंदा. पूर्वी त्याचा थोरला भाऊ रावजी वल्ह्यांनी होडी चालवायचा. दोन वर्षांपूर्वी रावजी कुणालाही न सांगता मुंबईला बोटीवर खलाशी म्हणून गेला, असं दादू सांगे. तेव्हापासून पत्र नाही, निरोप नाही. रावजी गेल्यावर महिन्याभरातच दादूनं हे इंजिन आणलं होतं.

"मेस्त्री, इंजान तापतंय," तो म्हणाला. "काल ऐन मध्यावर बंद पडलं. होडीत आठ माणसं, वर ओहोटी लागलेली. होडी खाडीच्या मुखाकडं चालली. वल्ही मारून मारून कशीबशी कडेला आणली."

त्यानं तळहात पुढे केले. कातडी सोलून गेली होती. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि दुसऱ्या एका होडीनं आम्ही भाट्याला गेलो.

होडी त्याच्या घरासमोरच बांधलेली होती. काठापासून घर वीसेक पावलांवर, आणि मधल्या अंगणात चिऱ्यांनी बांधलेली विहीर. रावजीची बायको जनी रहाटावर पाणी ओढत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि पुन्हा कामाला लागली.

असल्या इंजिनाला थंड ठेवायला खाडीचंच पाणी लागतं. खालच्या पंख्याजवळ एक चाळणी असते. तिच्यातून पंपाचा दट्ट्या पाणी वर ओढतो. ते तांब्याच्या नळीतून सिलिंडरभोवती फिरतं आणि मागच्या भोकातून धार धरून बाहेर पडतं. धार बारीक झाली की समजायचं, कुठेतरी अडलंय. नऊ वेळा चाळणीत चिखल असतो, दहाव्या वेळी दट्ट्या झिजलेला असतो.

मी चाळणी उघडली. चिखल नव्हता. आत हिरवा नेचा गच्च भरला होता. बारीक पानांचा, ओल्या सावलीत विहिरीच्या कडांना धरून वाढतो तो. खाऱ्या पाण्यात तो दोन दिवससुद्धा टिकत नाही. हा ताजा होता, मुळांना तांबडी माती होती.

ओढ्यातून वाहून आला असेल, असं म्हणून मी तो फेकला. मग नळी सोडवली. दोन वर्षं खारं पाणी वाहिलेल्या नळीत मिठाचे पापुद्रे साचायलाच हवेत. मी तार घातली. नळी आतून स्वच्छ होती.

सगळं जोडून, इंजिन पाण्यात सोडून मी दोरी ओढली. इंजिन लागलं, धार सुरू झाली. मी सवयीनं धारेखाली हात धरला. हे पाणी कोमट लागायला हवं. ते इतकं गार होतं की बोटं आखडली. मी ओंजळ तोंडाला लावली.

"दादू, हे पाणी गोडं आहे."

"पाऊस आत्ताच सरलाय. वरून येत असंल," तो म्हणाला. त्यानं चव घेतली नाही.

मी होडीच्या कडेचं खाडीचं पाणी जिभेवर घेतलं. खारट होतं, नेहमीसारखं.

तेवढ्यात मागून जनीचा आवाज आला. "गो सगुणा, पानी खाली गेलं बघ. आत्ता हाताला लागत होतं."

सगुणा म्हणजे दादूची बायको. ती ओसरीवरूनच म्हणाली, "कार्तिकात कसं जाईल वैनी?"

दादूनं माझा दंड धरला. "मेस्त्री, बंद करा ते."

मी बंद केलं. धार थांबली. पण माझ्या डोक्यात एक भलताच विचार आला होता आणि तो खोटा पाडल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मी जनीला हाक मारून म्हटलं, "वैनी, आत नजर ठेवा जरा. पाणी हलतंय का सांगा."

पुन्हा इंजिन लावलं. शंभरपर्यंत आकडे मोजले.

"एक चिरा उघडा पडला," जनी म्हणाली. थोड्या वेळानं, "दुसरा पन."

आता एकच परीक्षा उरली होती. मी इंजिन बंद करून वर उचललं, पंप खोलला आणि दट्ट्या काढून खिशात घातला. पंपाशिवाय पाण्याचा थेंबही वर चढणं शक्य नाही. मिनिटभर कोरडं चाललं तर इंजिनाचं काही बिघडत नाही. दादू नको नको म्हणत असतानाच मी ते खाली सोडलं आणि दोरी ओढली.

चार आकडे मोजून झाले आणि धार आली. आधीपेक्षा जाड.

मी इंजिन बंद केलं.

धार थांबली नाही.

दोन्ही हातांनी मी इंजिन पाण्याबाहेर उचललं. पंखा हवेत, चाळणी हवेत. मागच्या भोकातून पाणी पडतच होतं, होडीच्या फळीवर, माझ्या पायांवर. त्याला विहिरीच्या तळाचा वास येत होता, शेवाळाचा आणि बंद ओलीचा.

"वैनी," दादू ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "विहिरीपासून लांब हो."

जनी हलली नाही. ती कठड्यावर वाकली होती.

"भावजी, तळ दिसतोय," ती म्हणाली.

मग ती गप्प झाली. दम लागलेल्या माणसाचं बोलणं पुरं होईपर्यंत आपण जसे थांबतो, तशी ती थांबली होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"होय," ती आत बघून म्हणाली. "होय, सोडते."

धार तुटली. शेवटी भोकातून चमचाभर तांबडी माती बाहेर आली.

जनीनं दोराची कळशी सोडवून बाजूला ठेवली आणि नुसताच दोर आत सोडला. रहाट कुरकुरत फिरला. दोर सैल पडला. मग तो ताणला गेला.

गोदीत अकरा वर्षं मी दोरावरनं वजनं उचलली आहेत. रिकामा दोर कसा दिसतो आणि भरलेला कसा, हे मला कुणी शिकवायला नको. त्या दोरावर एका माणसाचं वजन होतं.

जनीनं कठड्याला पाय लावला आणि ओढायला लागली.

दादूनं होडी सोडली. त्यानं वल्ही घेतली आणि होडी खाडीत लोटली. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागं, काठाकडे असतं. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते. वल्ह्यांच्या दांड्यांवरून रक्त ओघळत होतं.

मीही वळून बघितलं नाही. मला तेवढा धीर झाला नाही. पाठीमागं रहाट कुरकुरत होता, मग थांबला.

पाण्यावरून आवाज लांबवर येतो. आम्ही निम्मी खाडी ओलांडली होती तेव्हा जनीचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. ती घाईत नव्हती.

"गो सगुणा, भावजींचं एखादं कोरडं धोतर दे. हे पुरते भिजलेत."