लाल रेघेच्या वर

मोनाली साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि शिपायाने तिच्या मनगटावर व्यथामापक बांधला. हल्ली शपथेआधी हे होतंच. नाडी, घाम, रक्तातली संप्रेरकं वाचून तो पट्टा साक्षीदाराची वेदना पडद्यावर आलेखात दाखवी. आलेख लाल रेघेच्या वर गेला, तरच छळ खरा.

हा कायदा आणला होता तिच्याच वकीलबाईंनी, इंदुमती साळवेंनी. "बाई रडत नाही, म्हणजे खोटं बोलते" म्हणणाऱ्या न्यायाधीशांपुढे त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. यंत्राला तरी बाईचं खरं वाटेल, म्हणून त्या मोर्चे काढत, लाठ्या खात भांडल्या होत्या.

"नवरा काय करायचा?" इंदुताईंनी विचारलं.

"पट्ट्यानं मारायचा. उलथनं तापवून पाठीवर ठेवायचा." मोनाली धडा म्हणून दाखवावा तशी बोलली. आलेख आडवाच राहिला.

चूक इंदुताईंचीच होती. कोर्टात जीभ अडखळू नये म्हणून त्या प्रत्येक अशिलाकडून जबानी घोटून घेत. मोनालीकडून महिनाभर घेतली होती, आणि घोटता घोटता तिच्या दुःखाला घट्टे पडले होते.

"डाग स्वयंपाकातले आहेत, साहेब," नवऱ्याचा वकील म्हणाला. "यंत्रच सांगतंय. बाईंना सासरी पाठवा."

नवरा आवारात गाडी घेऊनच थांबला होता. संरक्षणाचा अर्ज फेटाळला तर मोनाली आजच त्या घरात जाणार होती, आणि तिथून जिवंत बाहेर येणार नव्हती.

न घोटलेली एकच गोष्ट उरली होती. "तेवढं कोर्टात इचारू नका, ताई," असं मोनालीने पाय धरून विनवलं होतं. ताईंनी शब्द दिला होता.

"मोनाली, त्यानं तुला कोंडलं होतं, तेव्हा तापानं फणफणलेली तुझी छकुली दाराबाहेरून काय म्हणत होती? मरायच्या आधी?"

मोनालीने त्यांच्याकडे पाहिलं. नवऱ्याकडेही तिने कधी असं पाहिलं नव्हतं. मग ती पिंजऱ्यातच कोसळली आणि आलेख लाल रेघ ओलांडून गेला. न्यायाधीशांनी संरक्षणाचा हुकूम तिथेच दिला.

व्हरांड्यात ताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने घेतला नाही.

"मला सगळ्यात जास्त कुठं लागतंय, हे त्याला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला मीच सांगितलं."

तेवढ्यात पुढचा पुकारा झाला. बाकावरची दुसरी अशील पदर सावरत उठली आणि ताईंकडे बघून विश्वासाने हसली. इंदुताईंना आपल्याच मनाची भीती वाटली, कारण तिथे पहिला विचार हाच आला होता : हिनं मला काय विचारू नका म्हणून सांगितलंय?