पेटीवर लिहिलेली ओळ

बाबांनी रंगवलेली चिनीमातीची ताटली खरी की खोटी, हे सगळ्या आरिता गावात मीच सांगायची. त्यात जादू कसली? बाबा अंगणातल्या बागेत बसून समोर दिसेल तेवढंच रंगवत. मनानं एक पानही काढत नसत. कोणत्या साली कोणती फांदी मोडली, हे मला तोंडपाठ. ताडून बघायचं, आणि ताटलीच्या लाकडी पेटीवर शाईनं लिहायचं, ‘माझ्या वडिलांच्या हातची.’ बाबांना जाऊन सात वर्षं झाली, तरी माझी सुटका नव्हती. त्या बागेचा मला वीट आला होता.

गुरुवारी मी नागोयाला निघणार होते, लेकीच्या बाळंतपणाला, आणि परत येणार नव्हते. सोमवारी हामासाकी, इथला जुन्या भांड्यांचा व्यापारी, ताटली घेऊन हजर.

निळ्या रंगात कॅमेलियाचं झाड. भिंतीकडची फांदी मोडलेली.

“खोटी,” मी म्हटलं. “ही फांदी गेल्या महिन्याच्या वादळात मोडलीय. ती बघ, तिथं!”

“पण हात कुणाचा, चिगुसाताई? ते सांगा ना.”

प्रत्येक पानाच्या टोकाला कुंचला किंचित उचललेला होता. बाबांचा अंगठा अधू होता. ती लकब दुसऱ्या कुणाला कधी जमली नाही.

“लिहा की! जाता जाता शेवटची पेटी.”

मला निघायची घाई. लिहून टाकलं.

मंगळवारी फाटकावर वेल चढलेली दिसली. मी कापली. बुधवारी ती दुप्पट झाली होती. जवळ जाऊन पाहिलं, तर प्रत्येक पानाचं टोक किंचित उचललेलं. मी घरात येऊन दार लावून घेतलं.

गुरुवारी सकाळी पिशवी घेऊन बाहेर आले, तर फाटक नव्हतंच. विळा चालवला. पानांमागे पानंच निघाली. रडू फुटलं मला.

पलीकडून हामासाकीनं हाक मारली.

“ताई, यायचं कुठून? फाटक सापडेना. आणखी एक ताटली आलीय.”

“काय आहे तिच्यावर?”

पलीकडे पेटीचं झाकण वाजलं.

“बोल ना, मेल्या!”

“सगळी वेलच आहे. मध्ये एक बाई. हातात पिशवी.”

“रंग कच्चा असेल,” मी ओरडले. “वेल पुस! ओल्या फडक्यानं पुसून टाक!”

पानांपलीकडे ताटलीवर नख वाजलं. स्वच्छ, टणक आवाज.

“भट्टीत भाजून झालीय, ताई.”