रापीची मूठ

दुकानात विकत मिळणाऱ्या रापीला तो लोणी कापायची सुरी म्हणायचा. चामडं कापायचं तर पातं स्वतःच्या हातानं घडवलेलं हवं, असा त्याचा हट्ट होता. पिशव्या आणि पट्टे बनवणाऱ्या त्या कारखान्यात माणसं दोनच, नवरा आणि बायको. तो कापायचा, ती शिवायची. ती डावखुरी, म्हणून बाकाच्या डाव्या टोकाला तिची जागा. नाहीतर कोपराला कोपर लागून भांडण ठरलेलं. “साऱ्या राप्या मेल्या उजव्यांसाठीच,” ती कुरकुरायची. “एखादी माझ्या हाताची करा की.” करतो, करतो, हे त्याचं उत्तर त्यांच्या लग्नाइतकंच जुनं होतं.

तिच्या भावाचं भंगाराचं गोदाम होतं. त्यानं एकदा गोल करवतीचं गंजकं पातं आणून दिलं. “दाजी, लाकडाच्या वखारीतलं आहे. पोलाद बघा, आता असं मिळत नाही.”

पोलाद खरोखरच उत्तम निघालं. त्यानं ते ग्राइंडरनं कापलं, घासून आकार दिला, चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवलं आणि कोमट तेलात बुडवलं. वर कानस फिरवली तर ती नुसती घसरली, इतकं पातं कडक झालं होतं. मग तो कडकपणा थोडा उतरवायला भट्टीच्या धगीवर पात्याला फिकट पिवळी झाक येऊ देऊन त्यानं धार लावली. इथवर सगळं सुरळीत होतं.

मूठ करायची त्याची स्वतःची पद्धत होती. दांड्याला भिजवलेली चामड्याची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि ओली असतानाच मुठीत आवळून धरायची. बोटांच्या खाचा उमटतात आणि वाळल्यावर तशाच राहतात. मग ती रापी दुसऱ्या कुणाच्या हातात धड बसत नाही. या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

रापी खिडकीत वाळत ठेवून तो जेवायला गेला. परत येऊन बघतो तर खाचा बदललेल्या. पहिलं बोट, मधलं बोट आणि एकदम करंगळी. करंगळीच्या शेजारच्या बोटाची खाच नव्हतीच. तिथं चामडं टणक फुगून आलं होतं.

आपलाच हात नीट आवळला गेला नसेल, म्हणून तो स्वतःवरच हसला. पट्टी सोडून त्यानं नवी गुंडाळली. या वेळी चामडं जवळजवळ सुकेपर्यंत मूठ सोडली नाही. गिऱ्हाईक येऊन ताटकळत बसलं, तरी उठला नाही. चारही खाचा डोळ्यांनी बघितल्या, मगच रापी फळीवर ठेवली.

सकाळी तिथं तीनच होत्या.

या धंद्यात बोट गमावलेली माणसं त्यानं पाहिली होती. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत बसायचा. ते बोट मुडपून, ताठ करून, चोळून बघायचा. चामडं कापताना हात चोरू लागला. पट्टे वाकडे निघाले.

“काय झालंय तुम्हाला?” बायकोनं विचारलं. “पहिल्यांदा रापी धरल्यासारखं काय कापताय?”

“काही नाही. हात अवघडलाय.”

तिला सांगून उगाच घोर कशाला लावायचा, असं त्याला वाटलं. त्यानं रापी शिकंज्यात पकडून तिच्यावर हातोडा घातला. पातं तुटलं नाही, साधं वाकलंही नाही. शेवटी ती कापडात गुंडाळून तो मेहुण्याच्या गोदामात गेला आणि मेहुणा वजनकाट्यावर असताना मागच्या ढिगात फेकून आला.

परतताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्या दुपारी त्यानं जुन्या रापीनं अख्खं कातडं कापलं, शीळ घालत. रेघ कुठं हलली नाही.

दुसऱ्या दिवशी माल पोचवून तो परतला, तेव्हा मेहुण्याचा टेम्पो दारातून निघतच होता.

“दाजी, तुमचं लक्ष असतं कुठं?” मेहुणा खिडकीतून हसत म्हणाला. “एवढी झकास रापी आमच्या ढिगात पडली होती. ताईला देऊन आलोय.”

तो धावतच आत गेला.

बायको बाकाशी उभी होती. समोर चामड्याचा नवा तुकडा अंथरलेला. रापी तिच्या डाव्या हातात होती.

“अहो, सांगायचं तरी,” ती म्हणाली. एवढी खूश ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती. “अखेर माझ्या हाताची केलीत.”

त्या खाचा त्याच्या जाड बोटांना किती अरुंद होत्या, हे त्याला आत्ता दिसलं. अंगठ्याची खाच भलत्या बाजूला होती, हेही.

“खाली ठेव ती.” त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

“थांबा हो. माप घेतल्यासारखी बसतेय.” तिनं मूठ पुन्हा आवळली. अंगठा बसला. पहिलं बोट, मधलं, करंगळी. मग तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली.

“फक्त हे एक बोट मध्ये येतंय,” ती म्हणाली.